जिवाणी

तार इंग्रजीत होती.
शिंत्रे मास्तरांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला,
आणि मराठीत एकच शब्द शोधून काढला : बेपत्ता.
आई म्हणाली, "पत्ता तर हाय की वर लिवलेला.
मुक्काम पोस्ट हरिपूर."

मी आठ वर्षांचा. चुरमुरे खात होतो.

आमची हळदीची पेवं होती.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, दोरीला बांधून.
वात जळत राहिली तर माणूस उतरणार,
विझली तर त्या दिवशी कुणीच नाही.
जिनगोंडाआण्णाला तेवढा दम कुठला!
कंदील तळाला टेकायच्या आत ह्याचा पाय पेवात.
वडील काठावरून ओरडायचे, "हवा बघ आधी, हवा!"
पुढं तो हवेतच गेला.

बॉम्बफेकी विमान, त्यात दोघंच.
पुढचा चालवणारा,
हा मागं, बंदुकीपाशी, त्याच्याकडं पाठ करून.
रजेवर आला तेव्हा मला पाटावर उलटं बसवून दाखवलं :
"कुठं चाललोय ते मला दिसत न्हाई, बारक्या.
कुठनं आलो तेवढंच दिसतं."
मी हसून लोळलो होतो.

लढाई संपल्यावर एक फिटर आला, इस्लामपूरचा,
दस्तगीर मुजावर.
विमानाच्या पोटात बॉम्ब बसवायचं काम त्याचं.
म्हणाला, आराकानवर ढग होते, सहा गेली,
आणि बोटं मोजायला लागला,
पाचव्या बोटाशी थांबला.
आईनं त्याला एकच विचारलं :
"खाली कोण हुतं?"
"जंगल, मावशी. नुसतं जंगल."
"जंगलात कुणी ऱ्हात न्हाई व्हय?"
दस्तगीरच्या बशीतला चहा तसाच राहिला.

आमच्यात दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात,
दिव्यावरचं पाखरू ताटात पडून मरू नये म्हणून.
नदीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात.
फडक्यात उरतं ते
(डोळ्यांना काहीसुद्धा दिसत नाही, मी पुष्कळदा बघितलंय)
त्याला जिवाणी म्हणायचं.
ते फेकायचं नाही.
ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात परत सोडायचं,
उंचावरून नाही, भांडं पार पाण्याला टेकवून.
कृष्णेचं कृष्णेला, आडाचं आडाला.
अदलाबदल झाली तर जीव परक्या पाण्यात तडफडतात,
आई म्हणायची.

दस्तगीर येऊन गेला त्या दिवसापासून
ती पाणी दोनदा गाळू लागली.
एकदा आण्णासाठी, असं धरून चालू.
दुसऱ्यांदा कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
आता वाटतं, कदाचित
पहिलं गाळणंही आण्णासाठी नसेल.

मग सरकारी कागद आला : मृत समजण्यात यावे.
वडिलांनी तो हळदीच्या वहीत घालून ठेवला,
येणं बाकी असलेल्यांच्या पानात.
दोन हजार पाचच्या पुरात वही गेली,
पेवं बुजली, हळद चार दिवस नदीतून वाहत राहिली,
खालच्या गावांचे घाट पिवळे झाले म्हणे.

मी अठ्ठ्याऐंशीचा आहे.
घरात पाणी गाळायचं यंत्र आहे, झालं की टुंईं करतं,
त्यात अडकलेलं कुठं परत करायचं
ते त्याच्या कागदावर लिहिलेलं नाही.
सून म्हणते, कचऱ्यात. मी गप्प बसतो.

महिन्यातून एकदा पेन्शनसाठी सांगलीला जातो.
येताना सहा आसनी रिक्षा.
पोरं मला पुढची जागा देऊ करतात.
मी मागची घेतो,
रस्त्याकडं तोंड, चालवणाऱ्याकडं पाठ.
हरिपूर रोडच्या चिंचा एकेक करून
कानामागून येतात, समोर उभ्या राहतात,
बारीक होत जातात.
त्यांच्या वर, सांगलीच्या अंगाला,
नुसतं रिकामं आभाळ.

"कुठं उतरणार, आजोबा?" पोरगं विचारतं.
मला कुठलं दिसतंय, मी म्हणतो.
आलं की तूच सांग.